तिचं दूध कुठं गेलं?

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय चिऊ,

दिवाळीच्या सुट्टीत वडणग्याला तू मला जे विचारलंस, त्याचं उत्तर मी तिथं अर्धंच दिलं. बाकीचं आज लिहून ठेवते. आत्ता तू साडेसहा वर्षांची आहेस, शेजारच्या खोलीत आजीच्या कुशीत झोपली आहेस. हे पत्र दहावीच्या आसपास तुझ्या हातात देईन. त्याआधी मागितलंस तर आधी देईन.

तुला आठवत असेल की नाही, म्हणून सांगते. वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या पंढरपुरी म्हशीचं रेडकू गेलं. बारा दिवसांचं होतं. म्हैस दोन दिवस रेकत होती. कास तटतटून भरलेली, पण आबांनी हात लावला की पाय झाडायची. आबा तिच्यापुढं सरकीचं आंबोण ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिले. तू गव्हाणीच्या कठड्यावर बसून हे सगळं बघत होतीस, जेवायलाही आली नाहीस. रात्री अंथरुणात तू विचारलंस, "आई, मी त्या आईजवळ नव्हतेच, मग तिचं दूध कुठं गेलं?"

मी म्हणाले, "आटलं असेल गं. झोप आता."

तू झोपलीस. मी नाही झोपले.

तुला लहानपणापासून माहीत आहे की तुला जन्म देणारी आई वेगळी आहे. तू तिला "ती आई" म्हणतेस आणि मला नुसतं "आई". तुला हेही माहीत आहे की तू माझ्या अंगावर प्यायलीस. ही दुसरी गोष्ट तू मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकली आहेस, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात थोडं घालतो. माझी चुलत नणंद हळदीकुंकवात सांगते की अंबाबाईनं हिला पान्हा फोडला. अंबाबाईपुढं मी कितीतरी वेळा पदर पसरून उभी राहिले आहे, त्यामुळे तिचं म्हणणं मी मोडून काढत नाही. पण त्या चमत्काराच्या गोष्टीत तुझ्या त्या आईला जागाच उरत नाही. म्हणून झालं तसं सांगते, मापासकट.

लग्नानंतर नऊ वर्षं आम्ही वाट बघितली. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेले. पुढचे उपचार, इंजेक्शनं, पैसा यांबद्दल फार लिहीत नाही. एका संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो असताना तुझे बाबा म्हणाले, "आता बास. आपण मूल घरी आणू." नोव्हेंबर २०१६ मध्ये आम्ही कारा या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं. समाजसेविका घरी येऊन गेल्या, कपाटापासून मनापर्यंत सगळं बघून अहवाल लिहिला. मग यादीत नंबर खाली सरकण्याची वाट. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच बाई म्हणाल्या की आता सहा-आठ महिन्यांत फोन येईल असं धरून चाला.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडं गेले. पोटी मूल नसताना दूध येऊ शकतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. दूध तयार व्हायला गर्भाशय लागतच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, ती प्रोलॅक्टिन सोडते आणि स्तनांतल्या पेशी दूध बनवतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांनी स्तनांत दुधाच्या गाठी वाढतात, पण तीच प्रोजेस्टेरॉन दुधाला अडवूनही धरते. बाळंतपणात वार पडली की ती एकदम उतरते आणि दुधाची वाट मोकळी होते. मग बाळ जितकं ओढेल तितकं पुढचं दूध.

माझ्याकडं यातलं काही नव्हतं. म्हणून त्यांनी कॅनडातले बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅक न्यूमन आणि लेनोर गोल्डफार्ब यांनी बसवलेली पद्धत सांगितली. गोल्डफार्बबाईंचं बाळ सरोगसीनं झालेलं, आणि त्यांना ते अंगावर पाजायचं होतं. त्यात काही महिने इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मधल्या सुट्टीशिवाय सलग घ्यायच्या, म्हणजे शरीराला गरोदरपण असल्यासारखं वाटतं. सोबत डोमपेरिडोन, ज्यानं प्रोलॅक्टिन वाढतं. बाळ यायच्या सुमारे दीड महिना आधी पहिल्या गोळ्या बंद करायच्या आणि पंप सुरू करायचा. शरीराला वाटतं, बाळंतपण झालं.

त्या पहिल्या गोळ्या म्हणजे संततिनियमनाच्याच गोळ्या. नऊ वर्षं मूल व्हावं म्हणून तडफडलेली बाई मेडिकलच्या काउंटरवर ते पाकीट मागत होती. दुकानदारानं नेहमीच्या सवयीनं ते कागदात गुंडाळून दिलं. मी बाहेर येऊन स्कूटरवर बसले आणि बराच वेळ किल्ली लावली नाही.

एक गोष्ट नीट लिहिते, कारण उद्या तुझी कुणी मैत्रीण तुला हे विचारेल. डोमपेरिडोन म्हणजे मळमळीवर सर्रास मिळणारी गोळी, म्हणून ती साधी समजू नये. तिच्यानं काही जणांच्या हृदयाचे ठोके बिघडतात. माझा आधी ईसीजी काढला, घरात कुणाला हृदयविकार आहे का ते विचारलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत ते बघितलं. संततिनियमनाच्या गोळ्यांआधी रक्तदाब, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास हेही विचारलं. एचआयव्ही, कावीळ-बी यांच्या तपासण्या केल्या, कारण हे दूध दुसऱ्याच्या पोटच्या लेकराला जाणार होतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय यातलं काहीही कुणी करू नये. आणि त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पुरेसं दूध येईल असं मी सांगणार नाही. बऱ्याच जणींना पुरेसं येत नाही. थोडं येईल. तेवढ्यासाठी करायचं असेल तर करा."

तेवढ्यासाठी मला करायचं होतं. का, ते विचारशील. एक तर दुधात बाळाला आजारांशी लढायला मदत करणारं पुष्कळ असतं, थोडं असलं तरी. पण खरं कारण वेगळं होतं. पोटात मूल असलेली बाई नऊ महिने शरीरानं वाट बघते. मी अडीच वर्षं मोबाइलच्या पडद्यावर वाट बघत होते. यादीतला नंबर बघायचा, पडदा बंद करायचा. माझ्या हातापायांना, रक्तामांसाला काहीतरी काम हवं होतं जे तुझं असेल.

ते काम १४ जून २०१९ ला सुरू झालं. दिवसातून आठ वेळा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, दोन्ही बाजूंना विजेवरचा पंप. त्यातली एक वेळ रात्री तीनची, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. मी तेव्हा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या हिशेब विभागात होते. तिथं जुनी व्हाउचरं ठेवायची एक खोली होती, खिडकी नसलेली, ओतकामाच्या काळ्या धुळीनं भरलेली. झाडलोट करणाऱ्या मावशींना मी सगळं सांगितलं, कारण दारावर कुणीतरी हवं होतं. त्यांनी खोली पुसून काढली, स्वच्छ स्टूल आणून ठेवलं आणि दिवसातून तीनदा दाराबाहेर केरसुणी घेऊन उभ्या राहू लागल्या. कुणी आलं की म्हणायच्या, "मॅडम फायली लावाय लागल्यात, मागनं या." त्यांना स्वतःला तीन मुलं. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही की आलं का दूध.

माझ्याकडं एक लाल वही आहे. कपाटात, तुझ्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी. त्यात १४ जूनपासूनची नोंद आहे. पहिले चोवीस दिवस एकच शब्द लिहिलाय: कोरडं. कोरडं, कोरडं, कोरडं. चोवीस गुणिले आठ. पंपाच्या फनेलचा आकार चुकीचा होता, त्यानं कातडी सोलवटली. ते दुसऱ्या आठवड्यात स्तनपान सल्लागार बाईंच्या लक्षात आलं आणि बदललं. रात्री तीनला मी पंप लावून बसायचे आणि तुझे बाबा उठून आधीचे सुटे भाग उकळत्या पाण्यात घालायचे. गॅसचा निळा उजेड आणि पंपाची घरघर. कुणी बोलायचं नाही.

तुझ्या आजीला मी सांगितलं नव्हतं. तिला कळलं पंपाच्या आवाजानं. तीन दिवस ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात गेले तर वाटीत हळीव भिजत घातलेले, ओलं खोबरं खवलेलं, गूळ चिरून ठेवलेला. लाडू वळता वळता तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तुझ्या बाबांनाही माहीत नव्हती. तिच्या थोरल्या जावेला बाळंतपणात ताप भरला आणि ती महिनाभर दवाखान्यात पडून होती. तेव्हा तुझे बाबा चार महिन्यांचे होते. आजीनं एका बाजूला तुझ्या बाबांना आणि दुसऱ्या बाजूला पुतण्याला पाजलं. "कुणाला सांगायचं काय त्यात," ती म्हणाली. "भुकेलं लेकरू होतं." तो पुतण्या म्हणजे तुझे पुण्याचे काका. ते दर दिवाळीला आजीला आधी का ओवाळणी घालतात, ते मला त्या दिवशी कळलं. मग रोज काही ना काही समोर यायला लागलं: शेपूची भाजी, बाळंतशोपा, खसखशीची खीर, डिंकाचे लाडू. बाळंतिणीचं सगळं. हळिवानं दूध येतं की नाही याला डॉक्टरांनी भक्कम पुरावा सांगितला नाही. पण मला बाळंतीण समजून कुणीतरी ताट वाढत होतं.

आणि वडणग्याला आबा. त्यांना सांगताना मला सगळ्यात जास्त संकोच वाटला, आणि त्यांनाच सगळ्यात कमी नवल वाटलं. त्यांची सगळी हयात गोठ्यात गेली. गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, फेसाळतं धारोष्ण दूध तिथंच पेल्यात देतात, तू बघितलं आहेस. तिथं कुठं रेडकू असतं? आबा म्हणाले, "म्हस घाईला दूध देत न्हाई. पान्हा चोरती. तिला कळतं माणूस बादलीकडं बघतोय का तिच्याकडं. तू बाटलीकडं बघू नगंस."

खरंच मी बाटलीकडंच बघत बसायचे. आबा ज्याला पान्हा म्हणतात, ते डॉक्टरांच्या भाषेत ऑक्सिटोसिन. दूध तयार झालं तरी ते बाहेर सोडणारं संप्रेरक वेगळं, आणि ते ताणानं, भीतीनं अडतं. त्या दिवसापासून मी बाटलीवर बाबांचा मोजा चढवायला लागले, म्हणजे किती साठलं ते दिसत नसे.

८ जुलै. वहीत लिहिलंय: "रात्री ३.१०. डावीकडं. एक थेंब." पांढरा नव्हता, पिवळसर होता, चिकट. मी बाबांना हाक मारली, त्यांनी आजीला उठवलं, आणि आम्ही तिघं जण ट्यूबलाइट लावून एका थेंबाकडं बघत उभे राहिलो. आजीनं बोटावर घेऊन देवापुढच्या निरांजनाशेजारी टेकवला. आठवड्याभरात दिवसाला पाच मिलिलिटर, मग पंधरा, महिनाअखेरीस साठ. साठ मिलिलिटर म्हणजे कटिंग चहाचा एक ग्लास. चार महिन्यांच्या बाळाला दिवसाला साडेसातशेच्या आसपास लागतं. छोट्या पिशव्यांवर तारीख घालून मी ते फ्रीझरमध्ये ठेवत गेले. घट्ट गोठवलेलं सहा महिने चांगलं राहतं.

२६ जुलैला मोबाइलवर तुझा फोटो आला. मूल राखून ठेवायला ४८ तास असतात. आम्हाला चार मिनिटं लागली. एप्रिलचा जन्म, साडेतीन महिन्यांची, वजन कमी, डाव्या गालावर झोपेचा वळ. तुला भेटायला ७ ऑगस्टला निघायचं ठरलं.

५ ऑगस्टला पंचगंगा आमच्या गल्लीत आली.

२०१९ चा महापूर तू पुढं कुणाकुणाकडून ऐकशील. राजाराम बंधाऱ्याशी ४३ फुटांना धोक्याची पातळी असते, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही सामान आणि फ्रीज वरच्या मजल्यावर चढवला आणि त्याच रात्री वीज गेली. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही. दाराबाहेर समुद्र आणि प्यायला दोन कळशा. आबांचा फोन लागला तेव्हा ते म्हशींची दावी सोडून त्यांना उंचावरच्या माळावर घेऊन गेले होते, एवढंच कळलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. ७ तारखेला आम्ही तुझ्याकडं निघायच्या ऐवजी बोटीतून राजारामपुरीला निघालो.

पंप बंद पडला होता. पंपाचे भाग धुवायलाही पाणी नव्हतं. सल्लागार बाईंनी मला हातानं दूध काढायला शिकवलं होतं आणि मी ते मनावर घेतलं नव्हतं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या वर्तुळापासून जरा मागं. आधी छातीकडं दाबायचं, मग चिमटीत, मग सोडायचं. एक स्टीलची वाटी पुरते. मेणबत्तीच्या उजेडात, आजीनं आडोसा धरलेला, मी ते करत राहिले. यंत्राला जे जमत नव्हतं ते हाताला जमलं, पण चिंतेनं दूधच निम्म्यावर आलं होतं.

फ्रीझरमधल्या बावीस पिशव्या ७ तारखेच्या सकाळी पाणी झाल्या होत्या. दोन महिन्यांचं काम. वितळून उबदार झालेलं दूध परत गोठवता येत नाही. मी त्या मोरीत ओतायला घेतल्या तेव्हा आजीनं हात धरला. "मोरीत नको." पंचगंगा जिन्याच्या चौथ्या पायरीवर आली होती. गढूळ, गॅसची टाकी आणि कुणाच्या तरी चपला वाहून नेणारी. मी पायरीवर बसून एकेक पिशवी फोडली. पांढरं क्षणभर दिसायचं, मग नाही. सगळ्यात शेवटी ८ जुलैची पिशवी.

चिऊ, त्या पायरीवर मला तुझी ती आई पहिल्यांदा आठवली. तोवर मी तिचा विचार एक कागद म्हणून करत होते. बाळ संस्थेत सोपवलेल्या आईला निर्णय फिरवायला साठ दिवस देतात. ते साठ दिवस संपले तेव्हाच तू आम्हाला मिळू शकलीस, आणि ते संपल्याचा मला आनंद झाला होता. पण त्या साठ दिवसांत तिच्या अंगात काय चाललं होतं याचा विचार मला शिवला नव्हता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथून सुरू होतं. ते जरा पुढं सांगते.

महामार्ग उघडल्यावर १४ ऑगस्टला आम्ही तुला भेटलो, २१ ला घरी आणलं. कोर्टाचा आदेश नंतर काही महिन्यांनी आला. कंपनीत रजेचा अर्ज केला तर कळलं की तेव्हाच्या कायद्यानं दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा मिळते, पण बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तरच. आता सांग, कायद्यानं मूल दत्तकासाठी मोकळं व्हायलाच दोन महिने लागतात. त्यापुढं कागद, फोटो, प्रवास. तीन महिन्यांच्या आत मूल घरी आलेली आई मी तरी बघितलेली नाही. मी होती ती रजा संपवली आणि मग बिनपगारी राहिले. तो नियम चुकीचा होता. मी तसं पत्रही लिहिलं होतं.

तू अंगावर घेशील असं मी गृहीत धरलं होतं. तू घेतलं नाहीस. चार महिन्यांची, बाटलीची सवय झालेली. मी जवळ घेतलं की पाठीची कमान करून किंचाळायचीस. पहिल्या रात्री मी इतकी रडले की बाबांनी तुला माझ्याकडून घेतलं आणि डब्याचं दूध पाजलं. तू त्यांच्या छातीवर लगेच झोपलीस. दुसऱ्या दिवशी सल्लागार बाई म्हणाल्या, "आठवडाभर पाजायचं नावच काढू नका. नुसतं उघड्या अंगावर घ्या. तिला तुमचा वास माहीत नाही."

मला आबांचं गोठ्यातलं बोलणं आठवलं. मी बादलीकडं बघत होते.

मग नुसतं जवळ घेणं. माझ्या अंगावर तू, वर आजीच्या लुगड्याची मऊ गोधडी. अर्धवट झोपेत असताना हळूच. आजी वाटी-चमच्यानं माझ्या छातीवरून थेंब थेंब दूध सोडायची, म्हणजे तू ओठ लावलेस की काहीतरी तोंडात येईल. अकराव्या दिवशी, ३१ ऑगस्टला, गणपती दोन दिवसांवर आलेले, गल्लीत मंडप ठोकायचा आवाज, तू डोळे मिटूनच धरलंस आणि ओढायला लागलीस. आजीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मला दुखलं, जोरात. मी हललेही नाही.

पुढं आम्ही बारीक फीडिंग ट्यूब वापरायचो. एक टोक डब्याच्या दुधाच्या वाटीत, दुसरं माझ्या कातडीला चिकटपट्टीनं लावलेलं. तू ओढलीस की माझं आणि डब्याचं दोन्ही एकदम यायचं. आता माप सांगते, कारण ते तुला कुणी सांगणार नाही. माझं दूध दिवसाला दीडशे मिलिलिटरच्या वर कधी गेलं नाही. तुझ्या पोटातला मोठा वाटा डब्याच्या दुधाचा होता, सहा महिन्यांनंतर नाचणीच्या खिरीचा आणि वरणभाताचा. तुझं वजन वाढलं ते त्यावर. पोटभर पाजलं असं मी कधी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर तू दुरुस्त कर. तू तेरा महिन्यांची झाल्यावर आपणहून सोडलंस.

त्या काळात एक नातेवाईक बाई बारशाला येऊन म्हणाल्या, दत्तकाला एवढं कशाला. आजीनं पाळण्याची दोरी न सोडता त्यांना सांगितलं, "कोल्हापुरात बसून दत्तकाला नावं ठेवू नकोस. कागलच्या घाटग्यांचं लेकरू दत्तक आलं म्हणून शाहू महाराज मिळालं आपल्याला." तू पुढं इतिहासात वाचशीलच, १७ मार्च १८८४ ला, दहा वर्षांचेही नसताना, यशवंतराव घाटगे या गादीवर दत्तक आले. त्या बाई जेवून गेल्या. पुन्हा बोलल्या नाहीत.

आता तुझा प्रश्न.

वार पडली की दूध येतं. बाळ जवळ आहे की नाही, हे शरीर विचारत नाही. दोन-तीन दिवसांत छाती दगडासारखी होते, ठणकते, ताप येतो. शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं तरी झगा भिजतो. बाळ ओढत नसेल तर दूध हळूहळू आटतं, त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. कुणी घट्ट कापड बांधतात, कुणी कोबीची गार पानं ठेवतात, कुणाला डॉक्टर गोळी देतात. तुझ्या त्या आईजवळ तेव्हा कुणी होतं का, तिला गोळी मिळाली का, तिनं तुला एकदा तरी पाजलं का, यातलं काहीच आमच्या कागदांत नाही. मी शोधलं. तिच्याबद्दल जे दोन-चार शब्द आहेत ते तुझ्या फाइलीत आहेत आणि ते तुझे आहेत. आजीलाही मी दाखवलेले नाहीत.

एप्रिल २०१९ मध्ये मी रोज गोळ्या घेऊन माझ्या शरीराला बाळंतपणाचं सोंग शिकवत होते. त्याच महिन्यात ती कुठंतरी पदर भिजू नये म्हणून छातीवर कापड आवळत असेल. मी थेंबासाठी चोवीस दिवस झगडले. तिला न मागता आलं आणि ते लपवायला लागलं. मला अजूनही पहाटे तीनला कधी जाग येते, तेव्हा मला पंपाची घरघर आठवते आणि लगेच ती आठवते. मी तिच्यावर कधी रागावले नाही. तूही रागावलीस तर मी समजेन, पण हे वाचल्यावर मग रागाव.

अठरा वर्षांची झालीस की तुझी मुळं शोधायचा अर्ज तुला स्वतःला करता येतो. त्याआधी हवं असेल तर आपण मिळून करू शकतो. ती भेटायला तयार होईल की नाही, ते तिच्यावर. भेटलीच, तर तू वडणग्याला मला विचारलेला प्रश्न तिला विचारायचा की नाही, ते तुझं तू ठरव. मी बरोबर येईन. आत नको म्हणालीस तर बाहेर बाकावर थांबेन, लाल वही पिशवीत घेऊन. तिला बघायची असेल तर दे.

आत्ताच आबांचा फोन येऊन गेला. म्हशीनं आज सकाळी पहिल्यांदा पाय न झाडता धार दिली, दोन लिटर. ते म्हणाले, पोरीला सांग. सकाळी तू उठलीस की सांगते.

तुझी,
आई